पाचवा महिना

माझं नाव बिभीषण आणि धंदा लोकांना घरं दाखवायचा. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की माणूस हसतोच. 'घरका भेदी' म्हणून चिडवून झालं की मग हळूच विचारतो, एखादी खोली आहे का स्वस्तातली. नगरमध्ये गेली नऊ वर्षं मी हेच करतो. मूळचा कर्जत तालुक्यातला. इथं आलो तो एमआयडीसीत कामाला. काम सुटलं आणि स्वतःसाठी खोली शोधता शोधता एजंट झालो. अजून भाड्यानंच राहतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी टोमणा मारायला नको.

आमच्या धंद्यात जाती दोनच, फॅमिली आणि बॅचलर. मालक फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. फॅमिली म्हणजे बायको डोळ्यांना दिसली पाहिजे आणि दोरीवर तिचे कपडे वाळत पाहिजेत. जाती दोनच म्हणालो खरा, पण ते तितकंसं खरं नाही. भाडेकरूचं नाव सांगितलं की काही मालकांचा आवाज बदलतो. 'अहो, आत्ताच एकाला दिली' म्हणतात. अशा 'आत्ताच दिलेल्या' खोल्या मी चार-चार महिने कुलपात पाहिल्या आहेत.

आवेज माझ्याकडं आला तो दिवाळी झाल्यावर. सव्वीस वर्षांचा, कंपनीत सीएनसी मशीनवर, कंत्राटी. घर भिंगारमध्येच, पण घर म्हणजे दीड खोली. तिच्यात आईवडील, मोठा भाऊ, भावजय आणि त्यांची तीन पोरं. आवेज रात्री एका मित्राच्या गॅरेजात झोपायचा. अंगाला ऑईलचा वास, पण शर्टाला कडक इस्त्री. मी सवयीनं विचारलं, "एकटाच ना?"

"न्हाई भाऊ, लग्न झालंय. तीन वर्षं होतील आता."

"मग मंडळी कुठं?"

"राहुरीला, माहेरी. अजून आणली न्हाई."

मला वाटलं भांडण असेल. मग त्यानं सांगितलं. मुलीची आजी अंथरुणाला खिळली होती, नातीचा निकाह डोळ्यांनी बघायचा म्हणत होती, म्हणून दहा माणसांत घरातच निकाह पढवून घेतला. रुखसती, म्हणजे आपल्याकडची पाठवणी, मागे ठेवली. तिला पुढं सासऱ्याची एक अट लागली. आवेजनं वेगळं घर करायचं, मग मुलगी पाठवायची. नवरा-बायको कायद्यानं झाले, धर्मानं झाले, आणि भेटायचे ते राहुरीच्या एसटी स्टँडवर. तिथल्या एका मेडिकल दुकानात त्याची बायको कैनात कामाला होती. रविवारी हा जायचा, गोळ्या घ्यायला आल्यासारखा काउंटरपुढं उभा राहायचा.

"सासरा कडक दिसतो," मी म्हणालो.

"न्हाई हो. सोन्यासारखा माणूस हाय."

ते मला पुढं पटलं. खाजाभाईंचं, म्हणजे त्या सासऱ्याचं, राहुरीत गाद्या भरायचं दुकान. मी एकदा त्यांना फोन करून म्हणालो, चाचा, अट जरा सैल करा, पोरगं झिजलं. तर म्हणाले, "बिभीषणराव, मला मान नको, देनंघेनं नको. एक दार पायजे. आतून कडी लावता येईल असं दार. माझी थोरली मेहताब पडद्याच्या संसारात गेली. एका खोलीत दोन जोडपी, मधी चादर बांधलेली. पाच वर्षं ती पोरगी नीट झोपली न्हाई. आता माझ्याकडं हाय, डोक्याच्या गोळ्या चालू हायेत. दुसरीला न्हाई तसं करनार. किल्ली दाखवा, पोरगी न्या."

बापाचं काही चुकत नव्हतं. गोची अशी होती की मालकाला आधी बायको दिसायला हवी, मग किल्ली; आणि सासऱ्याला आधी किल्ली दिसायला हवी, मग बायको. सावेडीपासून केडगावपर्यंत मी त्या पोराला घेऊन हिंडलो. एका ठिकाणी भाडं ऐकून त्याचाच चेहरा पडला, त्याचा अर्ध्याच्या वर पगार गेला असता. एका ठिकाणी नाव नडलं. दोन ठिकाणी सगळं जमत होतं, पण मालक म्हणाले, लग्न झालंय तर बायको कुठंय? हा खरं सांगायचा, रुखसती राहिलीय. मालकाला शब्द कळायचा नाही, त्याला एवढंच कळायचं की पोरगा एकटा आहे. मी बाहेर आल्यावर आवेजवर चिडायचो. म्हणायचो, अरे हरिश्चंद्रा, थोडं गुळमुळीत बोलायला काय होतं?

"खोटं कशाला बोलू, भाऊ? लग्न तर खरंच झालंय."

असा होता तो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात पहिलं खोटं त्याचं नव्हतं, माझं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला बायडाबाईंची खोली माझ्याकडं आली. भिंगारच्या कडेला त्यांचं छोटं घर. नवरा लष्कराच्या खात्यात सिव्हिलियन कामगार होता, रिटायर झाल्यावर बांधलेलं, आणि बांधून दोन वर्षांत गेला. मुलगा पुण्याला, फोनवरचा. मागच्या अंगाला एक खोली, आत ओटा, स्वतंत्र नळ, स्वतंत्र दार, आणि दाराला आतून जाड कडी. भाडं आवेजला झेपेल एवढं. मी ती कडी दोनदा लावून पाहिली. नऊ वर्षांत कडी पाहून मला कधी आनंद झाला नव्हता.

बायडाबाईंना नावाचं काही नव्हतं. "मुसलमान का असंना. आमच्या मालकाचे जोडीदार सगळे तेच हुते, ईदीचा डबा यायचा घरी. पन येकटा गडी नको बाबा. मागं तीन पोरं ठिवली, दारूच्या बाटल्या माझ्या तुळशीत टाकून गेली. फॅमिली असंल तरच."

"फॅमिलीच आहे, मावशी," मी म्हणालो.

"मग बाई कुटं हाय?"

आवेजनं तोंड उघडलं. मला कळलं, आता हा रुखसती समजावून सांगणार आणि ही खोली पण जाणार. मी त्याच्या आधी बोललो. "माहेरी गेलीय. दिवस आहेत तिला."

बायडाबाईंचा चेहरा असा खुलला की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. आपल्याकडं पहिलटकरीण माहेरी जाते हे कोण नाकारणार? बायको नाही आणि तरी फॅमिली आहे, असं एकच कारण जगात असतं आणि ते मला ऐन वेळी सुचलं होतं.

"कितवा?"

"पाचवा."

"आगं बया, पाचव्यातच नेली? सातव्यात नेत्यात की."

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

एकदा गाडी उताराला लागली की ब्रेक कोण मारतो! आवेज खाली मान घालून उभा होता. बायडाबाईंना ती लाज वाटली. त्या हसल्या आणि आतून किल्ली घेऊन आल्या.

बाहेर आल्यावर आवेजनं मला धरलं. "भाऊ, हे काय केलं तुमी? उद्या कैनात आली आन पोट दिसलं न्हाई तर?"

"उद्याचं उद्या. एकदा भांडी ओट्यावर लागली की कोण कुणाला बाहेर काढतंय? तू आणि ती मिळून पाय धरा म्हातारीचे, सांगा सगळं. ती रागवेल आणि चहा पाजेल."

"कैनातला सांगू का?"

"सांगून काय करतोस? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्यानं किल्लीकडं पाहिलं. तीन वर्षं ज्यासाठी हिंडला ती वस्तू हातात होती. त्यानं ती खिशात टाकली, आणि कैनातला काही सांगितलं नाही. मी माझी दलाली घेतली. महिन्याचं भाडंही माझ्याच हातून बायडाबाईंकडं जायचं ठरलं.

त्या पंधरा दिवसांत आवेजनं खोलीला स्वतः रंग दिला. ड्यूटी सुटली की डबा घेऊन चढायचा शिडीवर. बायडाबाई खालून सूचना द्यायच्या, कोपऱ्यात जरा दाट मार, पाळणा तिथंच बांधायचा हाय. मी एकदा गेलो होतो तेव्हा त्या जुन्या पातळाचं दुपटं शिवत बसलेल्या. मला म्हणाल्या, "इजंट, तुजं काम चांगलं हाय बाबा, घरं भरतोस." मला तिथून कधी सटकतो असं झालं.

मग खाजाभाई घर बघायला आले. सोबत त्यांची बहीण, कैनातची फुपी. मोठा सोयरिकीचा कार्यक्रम नसला तरी मान तोच होता. फुपीनं डोक्यावरचा पदर सारखा करत ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला. खाजाभाईंनी दार लावलं, आतून कडी घातली, पुन्हा काढली. मग भिंतीजवळ उकिडवे बसून त्यांनी वितींनी जमीन मोजायला सुरुवात केली.

"सहा बाय पाचची गादी बसंल," ते म्हणाले. "कापूस आनून ठिवलाय मी. सरकीचा बारीक खडासुद्धा ठिवनार न्हाई." आणि आवेजकडं बघून हसले. "रमजानच्या आधी करू रुखसती. म्हंजे पहिला रोजा पोरगी तिच्या घरात सोडंल."

आवेजच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बायडाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. मी त्यांना सकाळी सांगून ठेवायला हवं होतं, मावशी, पाहुण्यांपुढं काही काढू नका, त्यांच्यात असं बोलत नाहीत, काहीतरी थाप. डोक्यात आलंही होतं. पण सकाळी मला दुसरीकडं दोन फ्लॅट दाखवायचे होते आणि ते राहून गेलं.

बायडाबाईंनी फुपीच्या हातात कप दिला आणि प्रेमानं म्हणाल्या, "आता पोरगी कशी हाय? पाचवा सरला का? उलट्या थांबल्या?"

फुपीला आधी कळलंच नाही. "कोन पोरगी?"

"तुमची भाची की. इजंट म्हनला, डॉक्टरनं पडून ऱ्हायला सांगितलंय. मी म्हनलं, बाळ झालं की हितंच आना, माज्या हातानं न्हाऊ घालते. म्हातारीला तरी काय काम हाय दुसरं."

फुपीनं कप खाली ठेवला. खाजाभाई जमिनीवरून उठत होते ते भिंतीला हात लावून तसेच अर्धवट थांबले. ज्या मुलीची अजून पाठवणी झाली नाही तिला पाचवा महिना आहे, हे ते एका परक्या बाईच्या तोंडून ऐकत होते.

फुपीनं सरळ विचारलं, "आवेज, ह्या काय म्हनतात?"

तो बायडाबाईंकडं बघत होता. एवढंच म्हणायचं होतं, नाही, हे खोटं आहे, खोलीसाठी सांगितलं. दोन वाक्यं. पण ती वाक्यं बायडाबाईंच्या पुढ्यात बोलायची होती आणि बोलली की किल्ली परत मागितली जाणार होती. खाजाभाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, ते वाट बघत होते. मला ती नजर अजून आठवते.

आवेज म्हणाला, "चहा घ्या, अब्बा."

आणि मी? मी पण तिथंच होतो. खोटं माझं होतं, तोंड माझं होतं, एरवी ते दिवसभर चालतं. मी म्हणालो, "हो हो, गार होईल." माझ्यासारखा नालायक माणूस भिंगारमध्ये त्या दिवशी दुसरा नसेल.

खाजाभाईंनी चहा घेतला. परक्याच्या घरात दिलेला चहा टाकायचा नाही एवढा तो माणूस सभ्य होता. सगळा संपवला, कप ट्रेमध्ये ठेवला, बायडाबाईंना हात जोडले आणि बाहेर पडले.

आम्ही कोपऱ्यावर त्यांना गाठलं. आवेजनं रस्त्यातच सगळं सांगितलं, माझ्याकडं बोट दाखवून, हात जोडून, रडून. मीही सांगितलं, चूक माझी. फुपी रिक्षात बसून तोंड फिरवून होती. खाजाभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मानतो मी," ते म्हणाले. "माझी पोरगी मला ठावं हाय. पन मग तितंच का न्हाई बोललास?"

"अब्बा, किल्ली..."

"हां. किल्ली." त्यांनी मान हलवली. "मीच मागितली हुती." आणि रिक्षात बसले.

त्यानंतर तीन आठवडे कैनातनं फोन उचलला नाही. आवेज रविवारी राहुरीला गेला तर मेडिकलच्या काउंटरवर दुसरी मुलगी. मी त्याला म्हणायचो, राग आहे, उतरेल. हे म्हणताना माझाच माझ्यावर विश्वास नसायचा.

एका रविवारी दुपारी ती स्वतःच आली. सोबत मेहताब, थोरली बहीण. बायडाबाई त्या दिवशी कुणाच्या तरी सुपारीला गेल्या होत्या. आवेजनं मला फोन केला, भाऊ या, मला एकट्याला बोलता यायचं नाही. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, सावळी, हातात स्टीलची बाटली. मेहताब दाराबाहेर पायरीवर बसली, आत आली नाही. कैनात आत आली. तिनं खोली पाहिली, रंग पाहिला, खिडकी उघडून पाहिली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "हवा येते."

आवेज म्हणाला, "तुझ्यासाठीच..."

"मला बोलू द्या." ती माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमचा मला राग न्हाई. तुमी मला कधी बघितलं पन नव्हतं. तुमाला काय, एक नाव हुतं." मग आवेजकडं. "फुपीनं घरी येऊन सगळ्यांपुढं सांगितलं. अब्बा म्हनत हुते, पोरगी तशी न्हाई. फुपी म्हनली, जावई गप का बसला मग? दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. माझ्याच दुकानासमोरचा दवाखाना. आमची मालकीन बाहेर येऊन बघत हुती. मी बाटलीत लघवी भरून दिली, रिपोर्ट येईपर्यंत बाकड्यावर बसले. अब्बा रस्त्यावर उभे. त्यांनी वर बघितलं न्हाई."

आवेज खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरून बसला.

"रिपोर्ट आला, न्हाई म्हनून. फुपीनं तो गल्लीत दाखवला. म्हंजे माझ्या भल्यासाठीच दाखवला तिनं. आता गल्लीतल्या बायकांना पाठ झालाय माझा रिपोर्ट."

"कैनात, किल्ली गेली असती," तो म्हणाला. "मी त्या वेळी... माझी जीभच वळली न्हाई. तीन वर्षांनी मिळालेली. तुझ्यासाठी गप बसलो मी."

"ठावं हाय. म्हनूनच आले. दुसऱ्या कशासाठी गप बसला असता तर आलेच नसते." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी रोज रातच्याला ते घर डोळ्यांपुढं आनायचे. ओटा कुठं, डबे कुठं. आता ते आनलं की मला तो बाकडा दिसतो. मी काय करू त्याला?"

मी मध्ये पडलो, नको तिथं मध्ये पडायची सवयच. म्हणालो, वर्षभर थांबा, दुसरी खोली बघू, पुण्याला बघू. ती म्हणाली, "भाऊ, थांबून थांबूनच हे झालं." मग तिनं ओढणी सारखी केली, ओट्यावर ठेवलेली बाटली उचलली आणि बहिणीला घेऊन निघाली. आवेज कोपऱ्यापर्यंत मागं गेला. तिथं ते दोघं थोडा वेळ उभे होते, काय बोलले ते मला माहीत नाही. निकाहानंतर इतका वेळ ते स्टँडच्या बाहेर एकत्र उभे राहिले असतील असं मला वाटत नाही.

खुला तिनं मागितला. त्यांच्यात बायकोनं मागितलेल्या सोडचिठ्ठीला तसं म्हणतात. आवेजनं अडवलं नाही. रमजान लागायला चार दिवस होते तेव्हा त्याला राहुरीला बोलावलं. घरचं कुणी सोबत नको म्हणाला, मीच माझ्या मोटरसायकलवर घेऊन गेलो. मी बाहेर दुकानापाशी थांबलो. दुकानात एक नवी गादी भिंतीला उभी केलेली होती, पांढऱ्या कापडाची, टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी लागू नयेत. एका गिऱ्हाइकानं तिची किंमत विचारली. खाजाभाई म्हणाले, ती विकायची न्हाई, आणि दुसरी काढून दाखवली. मी त्यांच्याकडं बघायचं धाडस केलं नाही. त्यांनीच पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला.

अर्ध्या तासात काम झालं. आवेज बाहेर आला आणि मागच्या सीटवर बसला. ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरांच्या मागं मी उगाच हळू चालवत होतो. मला वाटत होतं, या पोराला कुठं सोडू? गॅरेजात जागा दुसऱ्यानं घेतली होती. खोलीचा करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट भरलेलं. त्याला त्याच खोलीवर सोडण्याशिवाय दुसरं ठिकाण नव्हतं. आणि बायडाबाईंना अजून काहीच माहीत नव्हतं.

दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. त्या पुढच्या पायरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. आवेज गाडीवरून उतरला, चार पावलं चालला आणि मागच्या दाराकडं न वळता तिथंच त्यांच्या पायरीवर बसला. बसला आणि फुटला. एवढा मोठा पुरुष असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. हुंदका येत होता, आवाज येत नव्हता, मग एकदम आवाज आला.

बायडाबाईंनी सूप बाजूला सारलं. "आरं, काय झालं? आवेज? काय झालं रं लेकरा?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं पाहिलं. मग त्यांचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"पोरगी बरी हाय ना?"

आवेजनं मान हलवली. बरी आहे.

"मग... बाळ गेलं का रं?"

या वेळी सांगता आलं असतं. लपवण्यासारखं आता राहिलंच काय होतं? मी मनात म्हणत होतो, सांग, सांगून टाक रे. नाहीतर मी तरी सांगतो. तोंड उघडलंही होतं मी. पण आवेजनं बायडाबाईंच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि मला ते उचलवलं नाही. त्या घडीला त्या पोराला रडायला दुसरी कुठलीच जागा नव्हती.

बायडाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्याही रडत होत्या. "सातवा लागला असंल आता," त्या म्हणाल्या. "हातपाय फुटले असतील रं सगळे. माजं पन पहिलं असंच गेलं. मालकांनी घरात रडू दिलं न्हाई, म्हनले, नाव न्हाई ठिवलेलं, त्याला काय रडायचं. तू रड. हितं कुनी तुला काय म्हननार न्हाई."

तो रडत राहिला. त्यांच्या लुगड्यावरची ज्वारी त्याच्या केसांत अडकली होती आणि त्या एकेक दाणा काढत होत्या. मग त्यांनी मला हाक मारली, "बिभीषणा, उबा काय ऱ्हायलास, आतनं पानी आन. आन ह्याच्याकडनं ह्या महिन्याचं भाडं घिऊ नको." मी आत गेलो आणि माठातून पाणी भरून आणलं.